हवालदारांनी लिहिलेली उत्तरपत्रिका

ज्याच्या स्मरणावाचून आमच्या घरी पाटीवर पहिले अक्षरही उमटले नाही, त्या कृष्णाकाठच्या गजाननाला आणि जिने मला आयुष्यभर अन्न व शब्द दोन्ही दिले, त्या वाग्देवीला वंदन करून हा लेख आरंभतो. निमित्त दीपावलीचे. या वार्षिकाच्या संपादकांनी नोकरीतील आठवणी मागितल्या. प्रथम मी नम्रपणे नकार दिला. संस्कृतच्या प्राध्यापकाच्या आयुष्यात घडते ते काय? वर्गात पंधरा मुले असली, तर तो सुकाळ. परंतु पहाटे पूजेला बसलो असता, डोळे मिटल्यावर, मला एका खोलीतून येणारा आवाज ऐकू आला. फार हळू, एकेक अक्षर सोडत जाणारा आवाज, आणि त्यामागून कागदावर चालणारी लेखणी. हा आवाज मी नोकरीत असताना अनेक उन्हाळे ऐकला आहे. त्याच्याविषयीच लिहावे, असे मनाने घेतले.

विश्रामबागेतल्या आमच्या महाविद्यालयात मी संस्कृत शिकवले. शिकवण्याशिवाय एक काम माझ्याकडे न मागता आले आणि निवृत्तीपर्यंत राहिले. विद्यापीठाच्या परीक्षांना बसणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी लेखनिक शोधणे, हे ते काम. ज्यांना याची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विद्यार्थ्याने उत्तर तोंडी सांगायचे आणि लेखनिकाने ते कागदावर उतरवायचे. त्यांना स्वतंत्र खोली मिळते, वेळ थोडा अधिक मिळतो, आणि बाहेर एक पर्यवेक्षक असतो. लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावे आणि त्याला तो विषय येत नसावा, असा नियम आहे. म्हणजे मला असा मनुष्य शोधावा लागे, ज्याचे अक्षर उत्तम आहे, ज्याला तीन-चार तास एका जागी बसण्याचा धीर आहे, आणि ज्याला त्या विषयातले काहीही कळत नाही. पहिले दोन गुण असणारी माणसे तिसऱ्यात सहसा बसत नाहीत. चैत्र लागला, की मी छत्री घेऊन माणसे धुंडाळत फिरत असे. मला दुरून पाहताच वळणारी मंडळीही होती.

एकदा विट्याचा एक तरुण मिळाला. दक्षिणेत त्याच्या चुलत्यांचे सोने गाळण्याचे दुकान होते आणि तो लग्नासाठी गावी आला होता. अक्षर मोत्यासारखे, परंतु मोहरीएवढे. कागद वाया जाऊ नये, ही घरची शिस्त. परीक्षकांनी भिंग घेऊन ती उत्तरपत्रिका तपासली, असे नंतर कानावर आले.

आणखी एक प्रसंग आठवतो. यशवंत नावाचा विद्यार्थी महाबळेश्वरचा, वडील पर्यटकांची टॅक्सी चालवत. विषय इतिहास. त्याच्यासाठी मी आमच्याच एका सहकाऱ्याची बारावीतली मुलगी लेखनिक म्हणून दिली. उत्तरे लिहून झाल्यावर लेखनिकाने ती वाचून दाखवायची, अशी पद्धत आहे. ती वाचू लागली आणि यशवंतने हात वर केला.

"ताई, हे वाक्य माझं नाही."

"तुझंच आहे रे. मी फक्त जरा नीट केलं."

"माझं वाकडं होतं. तेच लिही."

"अरे, पण मार्क जातील."

"जाऊ देत. माझे आहेत ते."

मुलगी रुसली, पण तिने वाक्य पुन्हा वाकडे केले. यशवंत द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झाला. आज तो एका बँकेत अधिकारी आहे. विद्यापीठाच्या गुणवंतांच्या यादीत त्याचे नाव कधी आले नाही; परंतु मी मनातल्या मनात केलेल्या यादीत ते वरचे आहे.

आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली, त्या रेणुकेकडे वळतो.

रेणुका जत तालुक्यातली. घर मेंढपाळांचे, अलीकडे थोडी शेतीही आहे. लहानपणी तापात तिची दृष्टी गेली. वडील बिराप्पा मेंढरे घेऊन आठ-आठ महिने बाहेर असत, आणि वाड्यावर म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर रात्री होणाऱ्या ओव्या ऐकत ही मुलगी वाढली. एकदा ऐकले, की तिच्यात ते उतरे. निवासी अंधशाळेतून ती आमच्याकडे आली आणि संस्कृत घेतले. कारण विचारल्यावर म्हणाली, "सर, ही भाषा आधी ऐकायची होती ना? मग मला जमेल." पदव्युत्तर परीक्षेची सर्व उत्तरे संस्कृतातूनच देण्याचा निश्चय तिने केला. आमच्या विद्यापीठात असे धाडस डोळस विद्यार्थीही क्वचितच करतात.

धाडस तिचे होते. लेखनिक मात्र मला शोधायचा होता. संस्कृत न कळणारा आणि तरी संस्कृत अचूक लिहिणारा मनुष्य कुठून आणावा? शेवटी तो आमच्या बँकेच्या दारातच सापडला. हवालदार दिनकरराव, खटावकडचे. सैन्यातून निवृत्त होऊन बँकेत पहाऱ्याला होते. शिक्षण दहावी. पैसे काढायला मदत मागणाऱ्या एका आजींचा अर्ज ते लिहीत होते. अक्षर एका रांगेत, कवायतीला उभे केल्यासारखे. मी विचारताच त्यांनी टाचा जुळवल्या.

"जमंल की सर. फकस्त काय करायचं त्ये एकदा पक्कं सांगा. मागनं बदलायचं न्हाई."

परीक्षेआधी महिनाभर ते रेणुकेपुढे बसून सराव करीत. विसर्गाची दोन टिंबे त्यांच्याकडून राहून जात. रेणुका वैतागे. मग त्यांनीच तोड काढली.

"ह्ये दोन टिंब म्हंजे काय ग पोरी?"

"शब्दाच्या शेवटी यायची असतात, मामा. राहिली तर अर्थ पळतो."

"मंग सरळ सांग की, दोन सेंट्री उभं करा. सेंट्री न्हाई म्हटल्यावर पळनारच."

तेव्हापासून रेणुका 'रामो नाही, राम, पुढे दोन सेंट्री' असे सांगे, आणि दिनकररावांच्या कागदावर प्रत्येक विसर्ग खडा पहारा देऊ लागला.

परीक्षा सुरू झाली. आमच्या जुन्या इमारतीच्या टोकाची खोली त्यांना दिली होती. बाहेरच्या बाकावर मी बसत असे. दुपारी दोनच्या उन्हात सारे आवार निपचित पडलेले. लिंबाची सावली भिंतीवर हलते आहे, कुठे तरी होला घुमतो आहे, आणि आतून रेणुकेचा स्वर येतो आहे. एक पद, मग विराम, मग लेखणीची कुरकुर. त्या लयीत माझे डोळे जड होत. अर्धवट जागेपणी मला वाटे, ही खोली नाहीच. कुठल्याशा दूरच्या काळी, लिपी जन्माला येण्याच्या आसपासच्या दिवसांत मी बसलो आहे, कुणी तरी शतकानुशतके कंठात जपलेले आज प्रथमच सांगत आहे, आणि कुणी तरी भीतभीत ते भूर्जपत्रावर टिपते आहे. स्वराचा शब्द आणि शब्दाचे अक्षर होताना जो किंचित काळ जातो, त्या काळात मी तरंगत असे. माझ्या नोकरीतले सर्वांत शांत तास ते.

तिसऱ्या पेपरला एक लहानशी गोष्ट घडली. उत्तर सांगताना रेणुका मध्येच स्वतःशी काही पुटपुटली, आणि दिनकररावांनी विचारले, "ह्ये लिवायचं का?" नेमके त्याच वेळी दुसऱ्या महाविद्यालयातून आलेले पर्यवेक्षक दाराशी होते. त्यांनी खडसावले, "लेखनिकाने बोलायचे नाही. परीक्षार्थी बोलेल ते लिहायचे. बास." नियमाप्रमाणे ते योग्यच बोलले. दिनकरराव उभे राहून म्हणाले, "जी साहेब."

फौजीला हुकूम मिळाला होता, आणि शेवटचा पेपर काव्यशास्त्राचा होता.

त्या दिवशी ऊन फार होते. रेणुका अखंड बोलत होती. मध्ये थांबून पाणी पीत होती. ठरलेली वेळ संपण्याच्या काही मिनिटे आधी तिने म्हटले, "मामा, आता वाचून दाखवा." दिनकररावांनी घसा खाकरला आणि हजेरी घेतल्यासारख्या एकसुरी आवाजात वाचू लागले.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं. प्रश्न पहिला."

मी बाकावर ताठ झालो.

"मामा," रेणुकेचा आवाज आला, "ते तुम्ही लिहिलंय?"

"व्हय. तू म्हनलीस न्हवं का?"

"पुढं वाचा."

पुढे तिचे संस्कृत होते, नितळ, निर्दोष. आणि त्याच्या मधोमध, त्याच सुरेख अक्षरात, 'आवं मामा, जरा दम खाऊ द्या, डोकं भनभनतंय' असे होते. आणखी खाली 'अगं बाई, काय होतं ते, आत्ता तर आठवत होतं'. त्याहून खाली 'ते खोडा. न्हाई, राहू द्या'.

"मामा, खोडा म्हटल्यावर खोडायचं होतं हो."

"आदीच्या पेपरला खोडलं की. पर मागनं साहेबांनी निसतं लिवायचंच सांगितलं."

तेवढ्यात घंटा झाली. घंटेनंतर उत्तरपत्रिकेला लेखणी लावता येत नाही. पर्यवेक्षकांनी ती उचलली, चाळली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. उत्तरपत्रिकेत देवाचे नाव किंवा ओळख पटेल असा मजकूर लिहिणे हा विद्यापीठाच्या नियमांत गैरप्रकार ठरतो. केंद्रावरून घडले ते जसेच्या तसे कळवण्यात आले आणि रेणुकेचा निकाल राखून ठेवला गेला.

याचा अर्थ काय होता, तो सांगायला हवा. विद्यापीठात संशोधनासाठी तिला प्रवेश मिळण्यासारखा होता; परंतु त्यासाठी निकाल वेळेत लागणे आवश्यक होते. पेपर रद्द झाला, तर वर्ष गेले. बिराप्पा मला भेटायला आले तेव्हा पायरीवरच बसले. खांद्यावर घोंगडे, बोलणे कमी.

"आवं गुरुजी, मी काय तिला अडवत न्हाई. पर वरीसभर हितं कुनाकडं ठिवू? चल म्हनलं वाड्यावर. सूत कातायला डोळं लागत न्हाईत."

"आणि वर्षानंतर?"

"वर्साचं कुनी बघितलंय? एकदा चाल धरली, की मेंढरू मागं वळत न्हाई, मानूस काय वळतंय?"

त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. रेणुका शेजारी बसून सर्व ऐकत होती. तिने वडिलांना विरोध केला नाही, आणि त्याचीच मला अधिक भीती वाटली.

यथावकाश चौकशी समितीचे बोलावणे आले. विद्यापीठाच्या गावी आम्ही तिघे एस.टी.ने गेलो. दिनकररावांनी छातीवर पदके लावली होती. वाटेत ते एकदाच बोलले, "सर, मला काय सजा करायची ती करू द्या. पोरीला सोडा म्हनावं."

लांब टेबलामागे तीन सदस्य होते. अध्यक्षबाई प्राणिशास्त्राच्या, केस पांढरे, नजर तीक्ष्ण. शेजारच्या एका सदस्यांनी, आणि ते सद्भावनेनेच बोलत होते, रेणुकेला एक वाट दाखवली.

"बाळ, हे लेखनिकाने मनाने लिहिले, एवढेच तू सांग. त्यांना पुढे हे काम मिळणार नाही, पण तुझी फेरपरीक्षा आम्ही लगेच घेऊ. तुझे वर्ष वाचेल."

सुटका हाताच्या अंतरावर होती. दिनकरराव मान हलवून तिला खुणावत होते, हो म्हण. ती खूण तिला दिसणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

रेणुका उभी राहिली. "सर, ती वाक्यं माझ्या तोंडची आहेत. मामांनी त्यात एक अक्षर वाढवलं नाही की गाळलं नाही. मनानं लिहिलं असं म्हटलं, तर बाकीचं संस्कृतही त्यांच्याच मनाचं ठरेल."

"पण मग हे परीक्षकाला खूण म्हणून सांगितलं नव्हतं, हे आम्ही कसं मानायचं?"

अध्यक्षबाई दिनकररावांकडे वळल्या.

"तुम्हाला कळत नव्हतं, हे उत्तरात बसत नाही म्हणून?"

"कळत हुतं की, बाईसाहेब."

"मग का लिहिलं?"

"हुकूम."

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "बसा. मी सांगते ते लिहा." आणि त्या फुलपाखराच्या कोशाविषयी सांगू लागल्या. अळी स्वतःभोवती कशी गुंफण करते, आत ती कशी विरघळते. सांगता सांगता त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, दोन शब्द बोलल्या, ठेवला. शिपाई आला, त्याला काही म्हणाल्या. पुन्हा कोशाकडे वळल्या. दिनकररावांची मान कागदावरून हलली नाही.

"वाचा."

"कोशाच्या आत अळीचे शरीर विरघळत जाते. हां आई, गोळी घेतलीस का, दुपारची पांढरी, लाल नको. विरघळलेल्या त्या द्रवातून पंखांची रचना सुरू होते. चहा इकडे नको रे, सांडेल. ही रचना अत्यंत…"

तिसरे सदस्य खिडकीकडे वळून खोकू लागले. तो खोकला नव्हता. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि मी 'हे खोडा' म्हटलं असतं तर?"

"त्ये बी लिवलं असतं, बाईसाहेब."

सर्व हसले. बाई हसल्या नाहीत. कागद त्यांनी पुन्हा एकदा स्वतः वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. निर्णय आम्हाला तिथेच सांगण्यात आला: इतर वाक्ये वगळून उत्तरपत्रिका तपासली जावी. बाहेर पडताना त्या रेणुकेला म्हणाल्या, "तुझा लेखनिक बदलू नकोस." पेपर तर संपले होते; तरी ती "हो, मॅडम" म्हणाली.

निकाल लागला. संस्कृत विषयात रेणुका विद्यापीठात पहिली आली. संशोधनाचा प्रवेश तिला वेळेत मिळाला. आज ती सोलापूरकडच्या एका महाविद्यालयात शिकवते. शासकीय विद्यापीठातून बाहेर पडलेल्या मोठमोठ्या माणसांची छायाचित्रे वर्तमानपत्रात येतात, ती पाहून मलाही अभिमान वाटतो. खंत एवढीच, की दीक्षान्त समारंभात पदक घ्यायला रेणुका मंचावर गेली, तेव्हा दिनकरराव पायऱ्यांपाशी अडवले गेले. वर जाणाऱ्यांत लेखनिकाची तरतूद नव्हती. ते खालीच सावधान उभे राहिले. त्याविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. ती तरतूद व्हावी म्हणून मी नंतर अर्ज केले. अजून झालेली नाही.

निकालानंतरची एक सायंकाळ मात्र मला पुन्हा पुन्हा दिसते. दोघे माझ्याकडे आले होते. दिनकररावांनी साताऱ्याहून कंदी पेढे आणले होते. आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. पाणी जवळजवळ स्थिर होते, पैलतीर धूसर होत चालला होता. मग दिनकरराव संकोचत म्हणाले,

"पोरी, एक इचारू? आता पेपर संपलं, निकाल लागला. आता मला कळलं तर चालतंय न्हवं?"

"काय, मामा?"

"तू त्या दिशी येवडं काय लिवून घेत हुतीस माझ्याकडनं?"

ती गोंधळली. मग हसली, आणि हळूहळू सांगू लागली. संस्कृतात नव्हे, त्यांच्याच बोलीत.

"मामा, घंटा वाजती न्हवं? टोला एकच पडतो. पर टोला थांबला तरी नाद ऱ्हातो, लांब लांब जातो. जुनी मानसं म्हनली, चांगलं बोलनं बी तसंच. शब्द संपत्यात. पर शब्दात जे सांगितलंच न्हाई, ते मागनं मनात वाजत ऱ्हातं. त्योच खरा अर्थ. त्यालाच ध्वनी म्हनत्यात. मी त्येच लिवलं."

दिनकरराव पाण्याकडे पाहत राहिले.

"आमच्यात कुनी गेला, म्हंजे बिगूल वाजिवत्यात," ते म्हणाले. "वाजून थांबतो. पर थांबल्यावर कुनी हालत न्हाई. अधिकारी न्हाई, जवान न्हाई. समदी तशीच उबी. मला कायम वाटायचं, ह्ये कशाला उबं ऱ्हायलंय? आता तर काय वाजत न्हाई."

"त्येच ते, मामा."

बराच वेळ गेला. पैलतीरावर एक दिवा लागला. त्यांनी आपला उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवला होता आणि ते त्याच्याकडे असे पाहत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"मंग ह्ये मी लिवलं व्हय?" ते हळूच म्हणाले.

"तुम्हीच लिवलं."

वाचकहो, या दीपोत्सवात आपल्या उंबरठ्यावर लक्ष्मी यावी आणि तिच्यासोबत वाणीही यावी. आपल्या घरातल्या प्रत्येक आवाजाला ऐकणारा कान आणि इमानाने उतरवून घेणारा हात लाभो. लेकरांची विद्या फळो, वडीलधाऱ्यांचे मन निवो, आणि आपल्या कुटुंबावर त्या करुणामय परमेश्वराची छाया अखंड राहो. शुभं भवतु.